नवी इलेक्ट्रिक स्कूटर, दहा महिने वापरून: गाडीला दीड स्टार, कायद्याला साडेतीन

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण जिथे करायचं तिथे करून झालंय. पण नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी बिघडलेली निघाली तर नेमकं काय होतं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझे चारेक महिने वाचले असते, म्हणून हा रिव्ह्यू. अर्धा गाडीचा, अर्धा तिच्या मागच्या कायद्याचा.

गाडी चालवायला मस्त आहे, ते खोटं बोलणार नाही. पिकअप झकास, आवाज नाही, सीटखाली हेल्मेट आरामात बसतं. रेंज ब्रोशरमध्ये लिहिलीये तेवढी मिळत नाही पण ती कोणालाच मिळत नाही, त्याबद्दल स्टार कापत नाही.

स्टार कापलेत ते एकोणिसाव्या दिवसाबद्दल. बॅटरी 43 टक्के दाखवतेय, मी उड्डाणपुलाच्या चढावर, मागे बस, आणि डिस्प्लेवर अचानक कासव आलं. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांना हे कासव माहितीये, म्हणजे गाडी आता रांगणार. रांगली पण नाही, दहा सेकंदांत डिस्प्ले काळा आणि गाडी मेली. ढकलत कडेला घेतली, पाच मिनिटांनी बटण दाबलं तर जसं काही झालंच नाही अशी चालू. हा असला बिघाड सगळ्यात वाईट, कारण सर्व्हिस सेंटरला नेली की बाईसाहेब एकदम शहाण्यासारख्या वागतात.

पेट्रोलच्या गाडीचं बरं असतं, कुठलाही मेकॅनिक उघडून सांगतो की बाई हे गेलंय. इथे बॅटरी सीलबंद, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर सीलबंद, बाहेर कुठे उघडली तर वॉरंटी गेली, आणि गाडी नेमकी का मेली ते ज्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं तो लॉग कंपनीकडे. म्हणजे गुन्हा ज्याच्यावर टाकायचाय त्याच्याच खिशात पुरावा. काउंटरवरचा मुलगा लॅपटॉप जोडून म्हणतो मॅडम एरर कोड काहीच दिसत नाहीये, आणि आपण काय बोलणार, स्क्रीनचं तोंड त्याच्याकडे असतं.

पाच वेळा नेली. पहिल्या वेळी अपडेट मारून दिलं, जॉब कार्डच (तक्रार आणि काम लिहायचा सर्व्हिसचा कागद) बनवलं नाही, पाच मिनिटांचं काम आहे मॅडम म्हणे. दुसऱ्या वेळी जॉब कार्डवर लिहिलं जनरल चेकअप. तिसऱ्या वेळीही जनरल चेकअप, आणि मी मूर्खासारखी सही केली! गाडी तीनदा रस्त्यात बंद पडली आणि कागदावर मी तिला हौसेने चेकअपला नेत होते.

आता वॉरंटीची पुस्तिका. पहिल्या पानावर बॅटरीची 8 वर्षं मोठ्या अक्षरात. आत वाचलं तर ती बॅटरीची क्षमता ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली तर, आणि माझ्या बॅटरीची क्षमता ठणठणीत, ती मध्येच वीज तोडते एवढंच. बाकी पार्टसाठी दुरुस्ती करायची की बदलून द्यायचं ते कंपनी ठरवणार. गाडी बदलून मिळेल किंवा पैसे परत मिळतील असं अख्ख्या पुस्तिकेत एका ओळीत नाही. मी दोन महिने समजत होते की पुस्तिकेत नाही म्हणजे नाहीच.

तर तसं नाहीये. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्याच्या कलम 39 मध्ये ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहक कोर्ट, काय काय आदेश देऊ शकतो ते लिहिलंय, म्हणजे दोष काढून द्या, नवी वस्तू द्या, पैसे व्याजासकट परत करा, नुकसानभरपाई द्या. पुस्तिकेत काय छापायचं ते कंपनीने ठरवलं म्हणून आयोगाचे हे अधिकार कमी होत नाहीत. गाडी विकणारा डीलर आणि बनवणारी कंपनी दोघांना तक्रारीत पार्टी करता येतं, आणि करावंच, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पण लगेच हुरळून जाऊ नका, मी गेले होते. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये एका कारच्या प्रकरणात सांगितलंय की एक पार्ट बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून द्या म्हणता येत नाही. म्हणून वकील लोक सतत एक शब्द वापरतात, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट, म्हणजे दोष मुळातच आहे आणि पार्ट बदलून जात नाहीये हे दाखवावं लागतं. ते दाखवायचं कसं? आपल्या हातातला मार्ग म्हणजे एकाच तक्रारीसाठी वारंवार नेलेल्या गाडीचे कागद. आणि माझ्याकडे काय, जनरल चेकअप.

कायद्याचा दीड स्टार कापलाय तो इथे. अमेरिकेत याला लेमन लॉ म्हणतात, बिघडलेली गाडी म्हणजे लिंबू. कॅलिफोर्नियात ढोबळ हिशोब असा की पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांत, जे आधी होईल त्यात, एकाच दोषासाठी 4 वेळा दुरुस्तीला नेली, किंवा जिवावर बेतेल असा दोष असेल तर 2 वेळा, किंवा गाडी एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळून गेली असं कायदाच धरून चालतो. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने पहिल्या 30 दिवसांत सदोष वस्तू सरळ परत करून पैसे घेता येतात. आपल्याकडे असा आकडाच नाही. किती वेळा सहन केलं म्हणजे पुरे हे प्रत्येकाने आपापल्या केसमध्ये आयोगाला पटवायचं. अधिकार भरपूर दिलेत, मोजपट्टी दिली नाही. चढावर बंद पडणारी गाडी 2 वेळावाल्या खात्यात गेली असती हो, माझा तिसऱ्या फेरीतच निकाल लागला असता.

चौथ्या वेळी मी शहाणी झाले. गाडी बंद पडली की आधी फोन काढायचा, डिस्प्लेचा व्हिडिओ, त्यात किलोमीटर आणि टक्के दिसले पाहिजेत, मग ढकलायची. सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी ईमेल, की आज गाडी या कारणासाठी आणतेय. आणि जॉब कार्डवर माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहिल्याशिवाय चावी दिली नाही. अर्धा तास वाद झाला.

मग 1915 लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन फुकट आहे, 17 भाषांत चालतं, मराठी आहे. तक्रार नोंदवून नंबर देतात आणि ती कंपनीकडे पाठवतात. एवढंच समजून घ्या की हे कोर्ट नाही, कोर्टाच्या आधीची पायरी आहे, कंपनीला आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही. तरी जे सर्व्हिस सेंटर माझा फोन उचलत नव्हतं तिथून चौथ्या दिवशी मॅनेजरचा स्वतःहून फोन आला, त्यामुळे माझ्याकडून हेल्पलाइनला वेगळे चार स्टार. फक्त कंपनीने तक्रार मिटली असं कळवलं आणि ती मिटलेली नसेल तर गप्प बसू नका. 2024 मध्ये एका मोठ्या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली होती, या हेल्पलाइनवर एका वर्षात तिच्याविरुद्ध 10,644 तक्रारी आल्या होत्या, आणि कंपनीचं म्हणणं त्यातल्या 99.1 टक्के सोडवल्या! मग प्राधिकरणाने चौकशी लावली.

मॅनेजरने गाडी पाचव्यांदा नेली, कंट्रोलर बदलला, आणि अकरा दिवसांनी परत कासव. तेव्हा मी नोटीस पाठवली आणि ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करायच्या पोर्टलवर, तक्रार भरायला घेतली. हे पोर्टल 1 जानेवारी 2025 ला आलं, आधीचं ई-दाखिल याच्यातच गेलं. वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणजे बहुतेक सगळ्या स्कूटर फुकटात. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख, त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रिक कारही तिथेच जातात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस देशाच्या दुसऱ्या टोकाला असू दे. वकील सक्तीचा नाही. उत्तर द्यायला कंपनीला 30 दिवस, फार तर आणखी 15, आणि त्याच्यापुढे एकही दिवस नाही हे सुप्रीम कोर्टाच्या 5 न्यायमूर्तींनी 2020 मध्ये ठणकावून सांगितलंय. निकाल 3 महिन्यांत, वस्तू तपासायला लागली तर 5 महिन्यांत असं कायद्यात आहे, म्हणजे प्रयत्न करावा असं आहे, कॅलेंडरवर खूण करून ठेवू नका. आणि मुदत लक्षात ठेवा, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून 2 वर्षं. आज बघू उद्या बघू करत ती निघून जाते, अपडेटच्या नावाखाली तर पटकन.

तपासणीचं पण सांगते. दोष नुसता बघून कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी आपल्याला भरायला लावू शकतो. मला याचीच भीती होती, की बॅटरीतलं मला काय कळतं. मग 2022 चा एक निकाल वाचला, कारच्या एअरबॅगचा, त्यात सुप्रीम कोर्ट म्हणतं की ग्राहक काही फिजिक्सचा तज्ज्ञ नसतो, धडकेचा वेग आणि जोर मोजत बसायची अपेक्षा त्याच्याकडून नाही. वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आग लागली, इजा झाली तर गोष्ट वेगळी, तिथे याच कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, प्रकरण लागतं, आणि वॉरंटीत दिलेला शब्द पाळला नाही तर आमचा निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करूनही कंपनी सुटत नाही.

गाडी परत मागवायचा म्हणजे रिकॉलचा वेगळा नियम आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 110अ, 2021 पासून 7 वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू. पण तो पुरेशा लोकांनी तक्रारी केल्या तर हलतो, माझ्या एकटीच्या कासवाने नाही.

डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी एक ओळ: गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कंपनीचा वकील म्हणेल. स्वतः चालवून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहकच आहात, कायद्यात तसं स्पष्टीकरण लिहिलेलं आहे. आणि गाडी बंद आहे म्हणून कर्जाचे हप्ते थांबवू नका, बँकेचं भांडण वेगळं सुरू होतं.

माझं काय झालं? तक्रारीचा मसुदा मी दाखल करायच्या आधी कंपनीला ईमेल केला, सोबत सहा व्हिडिओ आणि शेवटची दोन जॉब कार्डं. आठवड्याने कंपनीवाले गाडी घेऊन गेले आणि अख्खा बॅटरी पॅक बदलून दिला, त्याची वॉरंटी नव्याने सुरू, तसं लेटरहेडवर लिहून घेतलं. मला पैसे परत हवे होते, खरं सांगायचं तर. पण पॅक बदलल्यावर सव्वातीन महिन्यांत गाडी एकदाही मेली नाही, आता पार्ट बदलून गेलेला दोष मी मुळातला कसा म्हणू. दाखल केली नाही. मसुदा पोर्टलवर तसाच आहे.

दीड स्टारमधला एक गाडीच्या पिकअपला. उरलेला अर्धा पाचव्या फेरीच्या त्या मेकॅनिकला, ज्याने मॅनेजर जेवायला गेलेला असताना जॉब कार्डवर लिहिलं, ‘चालवताना बंद पडली, मी स्वतः पाहिलं.’