आत्याच्या कागदांना जाणते हात मिळाले

माझी आत्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायची. विद्यापीठ १९४९चं, पण त्याआधीच्या बडोदा कॉलेजात अरविंद घोषांनी इंग्रजी शिकवलं होतं, याचा तिला फार अभिमान. तिच्यामागे व्याख्यानांच्या वह्या, प्रबंधाच्या कार्बन प्रती आणि विद्यार्थ्यांची ढीगभर पत्रं राहिली. ती नीट लावून स्कॅन करायला रावपुऱ्यातल्या एका छोट्या दुकानात दिली.

काम मनापासून आवडलं. दुकानाच्या ताईंनी आधी गंजलेल्या टाचण्या काढल्या, कारण गंज कागद खातो. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच. फाटलेल्या कडांना पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. घरचे म्हणत होते, सगळं तारखेप्रमाणे लावा. ताईंनी ठाम नकार दिला. एखाद्या विद्यार्थ्याच्या पत्रामागे आत्यानं त्याच विषयाचं टिपण ठेवलंय. ते हलवलं तर त्या पत्रानं तिला काय सुचलं हे कुणाला कळणार? हा आग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटला.

स्कॅन रंगीत आहेत, त्यामुळे समासातली फिकट पेन्सिलही वाचता येते. जपून ठेवायला टिफ (चित्राचा तपशील न गमावणारी मोठी फाइल), वाचायला पीडीएफ.

सूची मात्र त्रोटक. ‘पत्रे, किरकोळ’ एवढ्यानं संशोधकाचं भागत नाही. निदान विषय आणि साल हवंच. काम देताना हे आधीच बोलून घ्या.