काउच टू ५के : सावकाश पळायला शिकवणारे अ‍ॅप

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे, म्हणजे एनएचएसचे, ‘काउच टू ५के’ (म्हणजे सोफ्यावरून थेट ५ किलोमीटरपर्यंत) हे अ‍ॅप मोफत आहे. ज्यांनी आयुष्यात कधी पळून पाहिलेले नाही, किंवा शाळा-कॉलेज सुटले तेव्हाच ज्यांचे पळणेही सुटले, अशांसाठीच ते तयार केलेले आहे. मी लेस्टरमध्ये राहते. शाळेत खो-खो खेळत असल्यामुळे पळण्याची सवय होती. पुढे नोकरी, संसार आणि इथली थंडी यांत ती पार मागे पडली. गेल्या सप्टेंबरात हे अ‍ॅप घेऊन मी इथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पुन्हा पळायला लागले आणि नंतर सासूबाईंनाही याच आराखड्यावर तयार होताना जवळून पाहिले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की अ‍ॅप अतिशय चांगले आहे, पण त्याचा पुरता लाभ जो मनापासून सावकाश पळायला तयार असेल त्यालाच होतो.

मूळ आराखडा एनएचएसचा नाही. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने तो १९९६ मध्ये आखला, आणि तो आखताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याची आई होती. त्याला स्वतःला पळण्याची सुरुवात जड गेली होती. आईला आणि तिच्यासारख्या इतरांना तो त्रास होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. एनएचएसने हाच आराखडा आधी ध्वनिफितींच्या रूपात आणि २०१६ मध्ये बीबीसीच्या साथीने अ‍ॅपच्या रूपात लोकांपुढे आणला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की आराखड्याची रचना पाहताना तो खेळाडूसाठी नसून घरातल्या माणसासाठी केला आहे, हे पावलोपावली जाणवते.

आराखडा ९ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून तीनदा पळायचे, मधल्या दिवशी विश्रांती घ्यायची, आणि प्रत्येक वेळी आधी ५ मिनिटे भरभर चालून शेवटी ५ मिनिटे चालतच थांबायचे. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणे व ९० सेकंद चालणे असे २० मिनिटे आलटूनपालटून करायचे असते, म्हणजे प्रत्यक्ष पळणे अवघे ८ मिनिटांचे भरते. दुसऱ्या आठवड्यात ९० सेकंद पळून २ मिनिटे चालायचे, तिसऱ्यात पहिल्यांदा सलग ३ मिनिटे पळायचे, चौथ्यात ५ मिनिटांचे टप्पे येतात, आणि नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटे पळणे होते. कोणताही दिवस किंवा अख्खा आठवडा पुन्हा करण्याची मुभा आहे. ती मुभा निःसंकोच वापरावी, कारण वेळापत्रक पाळण्यासाठी दुखऱ्या पायांनी पुढच्या आठवड्यात जाण्यात काहीच शहाणपण नाही.

अ‍ॅप कानात बोलत राहते, ही त्याची मोठी सोय. विनोदी कलाकार सारा मिलिकन, स्कॉटलंडचे अभिनेते संजीव कोहली, रेडिओवरच्या निवेदिका जो व्हायली अशा निरनिराळ्या आवाजांतून आपल्याला आवडेल तो निवडता येतो आणि त्यासोबत आपल्या आवडीची गाणीही ऐकता येतात. कधी पळायचे, कधी चालायचे, निम्मा वेळ कधी संपला, शेवटची ६० सेकंदे कधी उरली, हे सारे तो आवाज सांगतो. त्यामुळे घड्याळाकडे बघावे लागत नाही आणि मन मोकळे राहते. पळताना ‘अजून किती’ हा प्रश्न पायांपेक्षा डोक्याला जास्त थकवतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळत गेले की अर्धे ओझे उतरते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे गतीकडे येते. अ‍ॅपमधले आवाज आरंभापासून सांगतात की वेग महत्त्वाचा नाही आणि बोलता येईल इतपतच पळावे. सूचना योग्य आहे, पण माझ्या मते ती याहून कितीतरी ठासून सांगायला हवी. पहिल्या आठवड्यात पळणे फक्त ६० सेकंदांचे असल्यामुळे कोणीही जोरात पळून ते निभावून नेऊ शकतो, आणि तिथेच चुकीची सवय लागते. पहिल्याच दिवशी बस पकडायला निघाल्यासारखा वेग घेतला, तर चौथ्या आठवड्यातल्या ५ मिनिटांना धाप लागते आणि ‘आपल्याला पळणे जमत नाही’ असा निष्कर्ष माणूस काढून बसतो. प्रत्यक्षात त्याला पळणे जमत असते, तो वेग जमत नसतो.

सावकाशपणाचे दुसरे कारण शरीराच्या घडणीत आहे. नियमित सरावाने श्वास आणि हृदय काही आठवड्यांतच सुधारू लागतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि स्वतः हाडे नव्या भाराला सरावायला त्याहून बराच जास्त वेळ घेतात. म्हणून दम पुरायला लागला की उत्साहाने वेग वाढवणाऱ्यांच्या नडग्या आणि टाचा दुखू लागतात. ४०-४५ च्या पुढे पळायला लागणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. पळाल्याने गुडघे झिजतात ही आपल्याकडची भीती मात्र हौसेने, बेताने पळणाऱ्यांच्या बाबतीत आजवरच्या अभ्यासांतून खरी ठरलेली नाही; ज्यांना आधीपासून गुडघ्याचा विकार आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

किती सावकाश पळावे, याचे सर्वांत नेमके उत्तर मला या अ‍ॅपबाहेर सापडले. जपानच्या फुकुओका विद्यापीठातील प्राध्यापक हिरोआकी तानाका यांनी सावकाश पळण्याचीच एक पद्धत रूढ केली. चेहऱ्यावर हसू टिकेल, शेजारच्याशी गप्पा मारता येतील, अशी गती. अगदी आखूड पण पटापट पडणारी पावले, मिनिटाला सुमारे १८०. आणि टाच आपटण्याऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर हलकेच टेकणे, असे तिचे स्वरूप आहे. ताशी ४ किंवा ५ किलोमीटर, म्हणजे साध्या चालीच्या वेगानेही या पद्धतीने पळता येते. एनएचएसचा आराखडा आणि तानाकांची गती यांचा मेळ घातला की नवव्या आठवड्यापर्यंतचा रस्ता पुष्कळ सोपा होतो, हे मी खात्रीने सांगते. व्हिक्टोरिया पार्कमध्ये लिंडेनच्या झाडांखालच्या डांबरी वाटेवर बाबागाडी ढकलणारी एक आई चालत चालत मला मागे टाकून पुढे गेली, तेव्हा मी पळतच होते, श्वास शांत होता आणि पुढची १० मिनिटे तसेच पळता येईल असे वाटत होते. ज्या गतीने आणखी १० मिनिटे पळावेसे वाटते तीच आपली गती, आणि पुढून कोण गेले याला तिथे महत्त्व नसते.

पाचवा आठवडा या आराखड्याची खरी कसोटी आहे. त्यात पहिल्या दिवशी ५ मिनिटांचे तीन टप्पे, दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांचे दोन टप्पे, आणि तिसऱ्या दिवशी मध्ये अजिबात न चालता सलग २० मिनिटे पळायचे असते. कागदावर ही उडी भीतिदायक दिसते आणि अनेक जण इथेच थांबतात. सावकाश पळणाऱ्याला मात्र ती उडी वाटतच नाही, कारण ८ मिनिटे आरामात पळणाऱ्याचा श्वास विसाव्या मिनिटालाही जवळपास तसाच असतो. मला त्या दिवशी बाराव्या मिनिटाच्या आसपास पोटऱ्या जड झाल्या. पावले आणखी आखूड केली, तेव्हा त्या पुन्हा सैलावल्या. याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे सहाव्या आठवड्याच्या आरंभी आराखडा पुन्हा ५ आणि ८ मिनिटांच्या टप्प्यांवर येतो. विजयानंतर शरीराला उसंत देणारी ही एक पायरी मागे घेणे मला साऱ्या रचनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली बाब वाटते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी २५ मिनिटे येतात आणि तिथून पुढे चालण्याचे मधले टप्पे संपतात.

नावाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. नावात ५ किलोमीटर आहेत, पण शेवट ३० मिनिटांवर होतो. ३० मिनिटांत ५ किलोमीटर जायचे तर ताशी १० किलोमीटरचा वेग लागतो, आणि नव्याने पळणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत तो अवास्तव आहे. किलोमीटरला ८ मिनिटे घेणारा माणूस ३० मिनिटांत पावणेचार किलोमीटर जातो, आणि ते उत्तमच आहे. आराखड्याचे खरे यश सलग अर्धा तास पळण्यात आहे. ५ किलोमीटर हा आकडा डोक्यात घेऊन जो पळतो तो नेमका आठव्या-नवव्या आठवड्यात वेग वाढवतो आणि जे कमावले ते धोक्यात घालतो. आठव्या आठवड्यापासून तर किती अंतर झाले हे मोजूच नये, असे मी सुचवेन.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. आराखड्यातील सूचना इंग्रजीत असल्यामुळे आणि त्या बोलीभाषेच्या ढंगात असल्यामुळे कानात यंत्र घालून पळणे त्यांना पटेना. डॉक्टरांचा सल्ला घेऊन आम्ही मिनिटांचा तक्ता मराठीत लिहून काढला, आणि सूचना देण्याचे काम मी केले.

“आई, आता पळा. पण अगदी सावकाश, बोलता आलं पाहिजे.”

“अगं, मग हे चालणंच झालं की!”

“दोन्ही पाय एकदम, क्षणभर तरी, उचलले जातायत ना? मग ते पळणंच.”

पंजाबी ड्रेसवर जाड जाकीट आणि पायांत चालण्याचे साधे मऊ बूट, अशा वेशात त्या उद्यानातल्या स्मारक-कमानीभोवतीच्या वाटांवर पळू लागल्या. (दिल्लीच्या इंडिया गेटचे वास्तुरचनाकार एडविन ल्युटेन्स यांचीच ही १९२५ ची कमान आहे.) श्वासाची परीक्षा घेण्याचा उपाय त्यांनी स्वतःच शोधला. पाठ असलेल्या अभंगाचे एक कडवे न अडखळता म्हणता आले तर गती बरोबर, मध्ये थांबावे लागले तर गती कमी करायची. कोणत्याही मनगटी यंत्रापेक्षा हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. त्यांनी तिसरा आणि चौथा आठवडा पुन्हा पुन्हा केला, मध्ये बर्फामुळे खंडही पडला, आणि आज त्या सलग १५ मिनिटे पळतात. आराखड्याच्या हिशेबाने तो मधलाच टप्पा आहे. त्यांच्या वयाला आणि आवडीला तो पुरेसा आहे.

ज्यांना ६० सेकंद पळणेही सुरुवातीला जड वाटेल त्यांच्यासाठी एनएचएसचेच ‘अ‍ॅक्टिव्ह १०’ हे भरभर चालण्याची मिनिटे मोजणारे मोफत अ‍ॅप आहे. आधी त्यावर चालण्याची सवय लावावी. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका अधिक असतो आणि तो कमी वयातच सुरू होतो, हे इथले डॉक्टर आपल्याला वारंवार सांगतात. त्यामुळे इंग्लंडमधल्या मराठी घरांत हे अ‍ॅप केवळ हौस म्हणून पाहिले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. महाराष्ट्रातल्या वाचकांना अ‍ॅप मिळाले नाही तरी काही अडत नाही, कारण वर दिलेली मिनिटे साध्या फोनच्या घड्याळावर लावता येतात. तिकडे उन्हाचा विचार करून पहाटे निघावे आणि एप्रिल-मे महिन्यांत गती आणखी कमी करावी, एवढाच फरक.

इथल्या हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, आणि आराखडा सप्टेंबरात सुरू केला तर त्याचे शेवटचे आठवडे पानगळीच्या ओल्या वाटांवर पडतात. पाने भिजली की डांबरावरही पाय घसरतो, म्हणून तेव्हा गवताच्या कडेने पळावे आणि अंगावर चमकणारी पट्टी असलेले जाकीट घालावे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी शक्य असल्यास मार्च-एप्रिलमध्ये प्रारंभ करावा. बूट सोडले तर बाकी कशावरही खर्च करण्याची गरज नाही. बूट मात्र दुकानात पायांत घालून, संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू द्यावी.

नऊ आठवडे संपल्यावर पुढे काय, या बाबतीत अ‍ॅपची साथ सैल पडते, आणि बरेच जण तिथेच पळणे सोडतात. त्यांनी शनिवारच्या पार्करनला जावे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ पळणाऱ्यांनिशी सुरू झालेला हा ५ किलोमीटरचा साप्ताहिक उपक्रम आता देशभरातल्या उद्यानांत होतो. इंग्लंडमध्ये त्याची वेळ सकाळी ९ ची आहे, शुल्क नाही, एकदा नावनोंदणी करून मिळालेला बारकोड छापून नेला की झाले. तिथे चालणाऱ्यांनाही मुभा आहे. शिवाय सर्वांच्या मागे चालत येण्याचे काम एका स्वयंसेवकाकडे दिलेले असते, त्यामुळे कितीही सावकाश पळणारा माणूस तिथे शेवटचा येत नाही.