घरी येऊन ड्रेसिंग आणि कॅथेटर केअर करणारी नर्सिंग सर्व्हिस – आमचा अनुभव

बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून कॅथेटर (लघवीची नळी) आहे, त्यात कमरेखाली बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झालाय, म्हणून ही सर्व्हिस लावली. आधीच्या एजन्सीची बाई बाहेरून आली की थेट ग्लोव्हज घालून जखमेला हात लावायची, त्यामुळे यावेळी मी पहिल्या दिवशी शेजारीच उभा राहिलो.

या सिस्टर आल्या की स्टुलावर पेपर पसरतात, त्यावर बॅग ठेवतात, बाहेरच्या कप्प्यातून साबण आणि टिश्यू काढून हात धुतात, चांगले मिनिटभर, नखं अंगठे मनगट सगळं, आणि मगच बॅगेची चेन उघडतात. काही राहिलं म्हणून परत बॅगेत हात घालायची वेळ आली तर परत हात धुणार. जखमेचे ग्लोव्हज काढून हात साफ करून कॅथेटरला नवीन ग्लोव्हज. "काका, जरा कुशीवर होऊया" म्हणत वळवताना युरिन बॅग (नळीला जोडलेली लघवीची पिशवी) कायम कमरेच्या पातळीच्या खालीच ठेवतात, आम्ही घरचे ती उचलून सरळ गादीवर ठेवायचो, त्याने लघवी उलटी आत जाऊन इन्फेक्शन होऊ शकतं हे त्यांनीच समजावलं. जमिनीलाही टेकू देत नाहीत. इन्सुलिनच्या सुईला परत टोपण लावत नाहीत, सरळ जाड डब्यात टाकतात, घाण ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत भरून घेऊन जातात, आमच्या कचऱ्यात काही नाही.

आणि वही! तारीख, वेळ, ताप, बीपी, लघवी किती एमएल आणि रंग कसा, जखम लांब रुंद खोल किती सेंटीमीटर, वास आहे का, शेवटी सही. हे सगळं निघायच्या आधी, बाबांच्या उशाशी बसून लिहितात. मध्ये लघवी गढूळ व्हायला लागली आणि ताप थोडा थोडा चढत होता, नुसतं बघून आम्हाला कळलंच नसतं, पण वहीतले आकडे डॉक्टरांना पाठवले तर त्यांनी लगेच युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का याची तपासणी) सांगितलं आणि औषध वेळेत सुरू झालं.

एक तक्रार आहे. रविवारी बदली सिस्टर येतात त्यांनी "ड्रेसिंग केले, पेशंट ठीक" एवढंच लिहिलं होतं. ठीक म्हणजे काय? सोमवारी येणारीने कशाशी ताडून बघायचं? ऑफिसला फोन केला तर वाद न घालता ऐकून घेतलं, पुढच्या रविवारपासून नीट नोंदी आहेत. आता सगळं फक्त ॲपवर करू म्हणतायत, मी सांगितलंय ॲप खुशाल करा पण वही घरातून जाणार नाही, रात्री काही झालं तर ॲम्ब्युलन्समध्ये तीच हातात असणार.

रेट थोडा जास्त आहे, ड्रेसिंगचं सामान वेगळं लावतात, तरी पुढच्या महिन्यालाही यांनाच सांगितलंय.