जुनी पितळी कडी आठ महिने वापरल्यावर: पितळ उत्तम, स्क्रूंनी रडवलं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या कोल्हापूरच्या गाडीसाठी आम्ही निघालो होतो. आई जिन्यात पोचली होती. मी कुलूप लावायला कडी ओढली आणि कोयंडा पट्टीसकट हातात आला. चौकटीवर चार भोकं, त्यांतल्या दोन भोकांत स्क्रूचे तुटके शेंडे, भोवती काळा डाग. लॅच होतं म्हणून घर बंद करता आलं, पण चार दिवस कोल्हापुरात माझा जीव त्या दाराशी होता.

हा सेट मी जानेवारीत मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून घेतला. साखळीची कडी आणि कोयंडा मिळून 2,200 रुपये (4,000 वरून खाली आणले), आणि त्याच दुकानातून हौसेने घेतलेली पोपटाच्या आकाराची मूठ 650. जायचं तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, त्या गर्दीत कडी उलटी करून बघायला कोपर हलत नाही. सोबत चुंबक मात्र न्याच. पितळेला चुंबक चिकटत नाही, पितळेचं पाणी दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटतं. माझ्या पहिल्या तीन पसंतीच्या कड्या चुंबकानेच बाद केल्या.

ही चौथी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साखळीसकट 640 ग्रॅम भरली. पुढची बाजू हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली, पाठ मात्र वाळूच्या साच्यातून निघाली तशी खरबरीत, आणि कडेला कानशीचे तिरपे ओरखडे. साखळीच्या पाच कड्यांपैकी एकही दुसरीसारखी नाही. मधली जरा लांबट आहे, कुणीतरी नंतर बदललेली असावी. दुकानदार म्हणाला दीडशे वर्षांची आहे. वय मला ठरवता येत नाही, पण सोबत दिलेले फुलीच्या खाचेचे स्क्रू तरी तेवढे जुने असूच शकत नाहीत. तसे स्क्रू अमेरिकेत 1930च्या दशकात आले. तेव्हा मी हे बोलून दाखवलं नाही, आणि सुताराने तेच स्क्रू ठोकले तेव्हाही गप्प बसले. ही चूक पूर्णपणे माझी.

आधी आवाजाबद्दल सांगते, कारण कडी घेतली ती आवाजासाठी. आमची इमारत 1981 ची, मुख्य दार सागवानी, पस्तीस मिलिमीटर जाडीचं. अशा भरीव दारावर ही कडी वाजवली की ठण्ण असा एक जाड आवाज येतो आणि साखळी थांबेपर्यंत त्याच्यामागे बारीक किणकिण चालते. आईला बेल ऐकू येते पण ती दचकते. कडीचं तसं नाही. पंधरा दिवसांत तिला हात ओळखू यायला लागले. दूधवाला एकदाच वाजवतो, शेजारच्या काकू सलग तीनदा, आणि मी दोनदा. "अगं, काकू आल्यात, दार उघड," हे ती आतल्या खोलीतून सांगते आणि बरोबर निघतं. वीज गेली तरी चालते, सेल बदलावे लागत नाहीत. एवढ्यासाठी मी 2,200 पुन्हा देईन.

मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच गुण दिले असते. ऑगस्टमध्ये एक. कोल्हापूरहून परतल्यावर मी कोयंडा पिशवीत घालून थेट दुकान गाठलं आणि बरंच बोलले. दुकानदाराने शांतपणे कोयंडा उलटा करून माझ्यासमोर धरला. "ताई, पितळ कुठे तुटलंय ते दाखवा." पितळ कुठेच तुटलं नव्हतं. तुटले होते ते लोखंडी स्क्रू, आतून पार भुसभुशीत झालेले.

पितळ आणि लोखंड एकमेकांना लागून असले आणि मध्ये ओलावा शिरला की झीज लोखंडाची होते, पितळ शाबूत राहतं. आमचं दार उघड्या जिन्याकडे आहे, जून-जुलैत वाऱ्याबरोबर पावसाची झड थेट चौकटीवर येते. त्यात सागाच्या लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं, चौकटीवरचा डाग तोच. म्हणजे दोन महिने स्क्रू आतून सडत होते आणि मी बाहेरून पितळ चमकवत बसले होते.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने दाखवली, जी घेताना माझ्या नजरेतून सुटली होती. कोयंड्याचे पाय कापलेले होते. पूर्वी कोयंड्याला दोन लांब पाय असत, ते लाकडात खोल जात आणि जिथे आरपार जाता येई तिथे मागून मुरडून टाकत. स्क्रूचा प्रश्नच नसे. जुनी चौकट मोडताना ते पाय उपसणं अवघड, म्हणून करवतीने कापतात आणि मग कोयंडा पट्टीवर डाग देऊन, म्हणजे झाळून, बसवतात. माझ्या सेटमध्ये कडीकडचा खिळा दुपायी शाबूत आहे. तो दाराच्या फळीतून आरपार जाऊन मागे मुरडलाय आणि आठ महिन्यांत केसभर हललेला नाही. एकाच सेटमधल्या दोन तुकड्यांत एवढा फरक! तेव्हा घेताना पुढची नक्षी मागाहून बघा, आधी पाठ आणि पाय बघा.

पितळेचे सरळ चिरेचे स्क्रू शोधायला मला तीन हार्डवेअरची दुकानं पालथी घालावी लागली. दोन ठिकाणी "आता कोण वापरतं" असं ऐकून घेतलं. तिसऱ्याकडे आठ नंबरचे, दीड इंची, धुळीने माखलेल्या खोक्यात डझनभर मिळाले. आनंदाने घरी आणले आणि पहिलाच स्क्रू पिळताना मानेतून तुटला. पितळ मऊ, साग घट्ट. दुसऱ्या सुतारकाकांनी मग रीत दाखवली. तुटके शेंडे उपसून भोकांत सागाच्याच खुंट्या सरसाने ठोकल्या, दुसऱ्या दिवशी गिरमिटाने बारीक भोकं पाडली, त्यांत आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घेतले, तो काढला आणि मग पितळी स्क्रूला मेणबत्ती घासून हाताने बसवला. मशीन त्यांनी पेटीतून काढलंच नाही. चारही स्क्रूंच्या चिरा एका रेषेत उभ्या ठेवल्या, मी न सांगता. मजुरी 500. पहिल्या सुताराला मी 600 दिले होते, हे अजून सलतं.

कुलपाचीही एक अडचण आहे. कोयंड्याचं छिद्र जेमतेम नऊ मिलिमीटरचं, त्यातून सात लिव्हरच्या मोठ्या कुलपाची कडी जात नाही. पहिला सुतार छिद्र कानशीने मोठं करायला निघाला होता, मी हात धरला. बारीक कडीचं अलिगढचं पितळी कुलूप आणलं, ते बसतं. मात्र खरी सुरक्षा लॅचवरच सोडलीय, कुलूप गावाला जाताना जोडीला.

पोपटाबद्दल फार लिहीत नाही. मुरादाबादचं नवं काम, देखणं आहे, येणारी लहान मुलं त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. पण चोच पुढे आलेली, तिच्यात दुधाची पिशवी दोनदा फाटली आणि ओढणी कितीदा अडकली याची गणती नाही. वरचं लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, सहा महिन्यांत हाताच्या जागी उडालं आणि उरलेल्या कडांखाली काळे ठिपके धरले. नेलपॉलिश रिमूव्हरने सगळं लॅकर पुसून काढलं, आता बरा दिसतो. स्वयंपाकघराच्या दाराला नेऊन लावणार आहे.

चिंचेबद्दल एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला मी दर रविवारी कडी चिंचेने घासायची. एकदा कोळ लावून रात्रभर ठेवला तर सकाळी साखळीच्या मधल्या कडीवर गुलाबीसर डाग. आंबटाने वरवरचं जस्त निघून जातं आणि तांबं दिसायला लागतं. तेव्हापासून घासणं बंद, फक्त हिरवं किटण दिसलं तर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करते. आता कडीचा गोल जिथे सगळ्यांचे हात लागतात तिथे आपोआप झळकतो आणि साखळी तपकिरी राहते. मला हेच जास्त आवडायला लागलंय.

सध्याचे गुण पाचपैकी चार. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसानंतर एक स्क्रू मुद्दाम काढून बघितला. आटे पिवळेधमक होते, मेणाचा थर तसाच. पुन्हा मेण लावून बसवला. उरलेले सात स्क्रू कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत आणि मापाची चिठ्ठी आत घातलीय.