न उतरवलेल्या गिअरबॉक्सचं बिल

गाडी रात्रभर उभी राहिली की खाली तेलाचे थेंब दिसायला लागले होते. डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवर, पातळी ठीक होती, ऑइलचा दिवाही लागत नव्हता. गॅरेजवाल्याने गाडी रॅम्पवर चढवली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "क्रँकचा मागचा ऑइल सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, नाहीतर इंजिन सीझ होईल, जाम होऊन बसेल."

फसवायला हा सील, म्हणजे क्रँक या इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी कडी, फार सोयीचा. तो स्वतः महाग नसतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं काढावं लागतं, त्यामुळे मजुरी भरमसाट लावता येते. शिवाय ती जागा गाडीवाल्याला दिसतच नाही.

मी हो म्हटलं, त्याने सील बदलल्याचं सांगून बिल घेतलं. इंजिन धुऊन दिल्यामुळे काही दिवस सगळं कोरडं होतं. मग पुन्हा थेंब. दुसऱ्या मेकॅनिकने खालून बॅटरी मारली आणि मलाच बघायला बोलावलं. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना चिखल आणि गंज जसाच्या तसा होता, पाना लागल्याची एक खूण नव्हती! त्याने इंजिन पुसून स्वच्छ केलं, थोडा वेळ चालू ठेवलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून तेलाची बारीक रेघ उतरताना दिसली. तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि ठिबकतं भलतीकडेच; म्हणून ओल सर्वांत वर कुठे सुरू होते ते बघायचं. कव्हरचं रबरी पॅकिंग इतकं कडक झालं होतं की वाकवताच तुटलं. नवीन बसवल्यावर गळती थांबली.

मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे जुना सील मागितला. त्याने जेमतेम नाण्याएवढा एक सील काढून दिला. क्रँकचा मागचा सील जवळपास तळहाताएवढा असतो. ते म्हटल्यावर त्याने बोलणंच बंद केलं. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

तुम्हाला कोणी हाच सील सांगितला, तर आधी इंजिन साफ करून गळती डोळ्यांनी बघायला मागा. गिअरबॉक्स उतरवलेला असताना फोटो हवा आणि जुना भाग परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच सांगा. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र इंजिन तत्काळ बंद करा, आणि तेल गरम सायलेन्सरवर पडून जळका वास येत असेल तर गाडी चालवू नका. नुसते थेंब पडत असतील, तर रोज डिपस्टिक बघत दुसऱ्या मेकॅनिकला दाखवण्याइतका वेळ तुमच्याकडे असतो.