दातांच्या एक्स-रेसोबत लिखित अहवाल देणारे नौपाड्यातील केंद्र

गेल्या वर्षी माझ्या आईच्या खालच्या जबड्याची डावी बाजू सुजली आणि दोन दाढा हलू लागल्या. आधीच्या एका दवाखान्यात हिरड्यांचा आजार सांगून दोन्ही दाढा काढण्याचा सल्ला मिळाला होता. दुसरे मत घ्यावे म्हणून आम्ही ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरील, नौपाड्यातील एका दंत एक्स-रे केंद्रात संपूर्ण जबड्याचा ओपीजी (सर्व दात आणि जबडा एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे) काढण्यासाठी गेलो.

तंत्रज्ञ मुलीने आईला "काकू" म्हणत कानातले आणि मंगळसूत्र काढायला सांगितले आणि त्याचे कारणही सांगितले: धातूची सावली जबड्यावर पडते आणि वाचन चुकते. एक्स-रे निघायला अर्धा मिनिटही लागला नाही. त्यानंतर मात्र तेथील रेडिओलॉजिस्ट डॉक्टर स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी आईला विचारले, "तुम्हाला कधी मुतखडा झाला होता का?" आईला तो दोनदा झाला होता. दातांसाठी गेलेल्या रुग्णाला हा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांमुळेच मी हे लिहीत आहे.

पडद्यावर त्यांनी दाखवले की निरोगी जबड्यात प्रत्येक मुळाभोवती दिसणारी बारीक पांढरी रेघ, जिला लॅमिना ड्युरा म्हणतात, आईच्या बहुतेक दातांभोवती नव्हती. हाड दुधी काचेसारखे धूसर होते आणि जबड्याची खालची कड पातळ झाली होती, तरी दात मात्र ठसठशीत दिसत होते. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्या की रक्तातील कॅल्शियम वाढवण्यासाठी हाडातून ते काढले जाते, दातांतून मात्र काढले जात नाही, म्हणून हा फरक पडतो, आणि रक्तात वाढलेल्या याच कॅल्शियममुळे मुतखडेही होऊ शकतात, असे त्यांनी समजावले. सूज होती तिथे हाडात एक काळसर पोकळी होती. एक्स-रेत पोकळीसारखी दिसणारी अशी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली जबड्यातील एका वेगळ्या, ग्रंथींशी संबंध नसलेल्या गाठीसारखीच दिसत असल्याने तुकडा तपासण्यासोबत रक्ततपासणी अनिवार्य आहे, हे त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिले. रेघ नाहीशी होणे सर्वच रुग्णांत आढळत नाही आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही असेच चित्र दिसू शकते, म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथॉर्मोन (याच ग्रंथींचे संप्रेरक) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) या चारही चाचण्या त्यांनी सुचवल्या. पहिले आणि तिसरे मूल्य वाढलेले निघाले, क्रिएटिनिन ठीक होते, आणि पुढे एक ग्रंथी शस्त्रक्रियेने काढण्यात आली.

उणीव सांगायची तर अहवाल पूर्णपणे इंग्रजीत असतो. आईसारख्या रुग्णाला घरी नेऊन वाचता येईल असे मराठीतील एक पान सोबत द्यायला हवे, कारण तोंडी समजावलेले घरी पोहोचेपर्यंत अर्धे विसरले जाते. बसण्याची जागाही अपुरी आहे.

आठ महिन्यांनी आम्ही पुन्हा तेथेच ओपीजी काढला. केंद्राने जुना एक्स-रे जपून ठेवला होता आणि डॉक्टरांनी दोन्ही शेजारी लावून दाखवले: पोकळी भरून येत होती, मुळांभोवतीची रेघ पुन्हा उमटू लागली होती, आणि काढायला सांगितलेल्या दोन्ही दाढा जागेवर घट्ट होत्या.