मेणाच्या टेस्ट रिपोर्टात मला २,५४,८०० रुपयांचा चुना लागला

आकडा आधीच सांगून टाकतो. मेण पाण्यात किती विरघळतं या चाचणीची फी १,५०,००० रुपये, ‘जीएलपी स्टॅम्प’साठी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे लॅबच्या कामाच्या शिस्तीची मान्यता) ३५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३३,३०० रुपये. ‘काचेचे मणी इंपोर्ट करावे लागतात’ म्हणून १४,५०० रुपये, बिल नाही. ‘अर्जंट’चे २२,००० रुपये, तेही जीपेवर. एकूण २,५४,८०० रुपये. वकिलाच्या नोटिशीचे ६,५०० रुपये वेगळे. नोटीस ‘लेफ्ट’ असा शेरा घेऊन परत आली.

आमचं कुपवाड एमआयडीसीत मेणाचं छोटं युनिट आहे. पॅराफिन आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचं मिश्रण करतो, मेणबत्तीवाले आणि कागदाला कोटिंग करणारे घेतात. युरोपातल्या एका खरेदीदाराला माल आवडला. वर्षाला १ टनाच्या वर माल जाणार म्हटल्यावर तिकडच्या ‘रीच’ या रसायनांच्या कायद्याखाली नोंदणी आली, आणि नोंदणीच्या माहितीत ‘पाण्यातली विद्राव्यता’ हा रकाना आला. रिपोर्ट २० दिवसांत द्या म्हणाले. मार्चएंड डोक्यावर होता. घाई होती हे मी लपवत नाही, पण घाई कुणाला नसते?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका लॅबचा माणूस फोनवर एकदम मिठास बोलला. ‘सर, ओईसीडी १०५, कॉलम एल्युशन, आठ दिवसांत रिपोर्ट.’ (ओईसीडी १०५ म्हणजे विद्राव्यता मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत.) मी बीएस्सी केमिस्ट्री आहे, २२ वर्षं मेणात आहे. अडाणी म्हणून फसलो असतो तर इतकं लागलं नसतं.

कॉलम एल्युशन म्हणजे काय, ते मला माहीत होतं. काचेच्या मण्यांवर किंवा वाळूवर पदार्थाचा थर द्यायचा, मणी नळीत भरायचे आणि २० अंशांना पाणी अगदी हळू सोडायचं. लागोपाठच्या पाच नमुन्यांतले आकडे एकमेकांच्या ३० टक्क्यांत आले की मग पाण्याचा वेग निम्मा करून परत तेच. यात दिवस जातात. हे सगळं माहीत असून मी ‘आठ दिवस’ हे शब्द गिळले.

आणि लॅबला गेलोही होतो. हीच गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. त्याने चहा पाजला, मग ‘तुमचं सॅम्पल चालू आहे’ म्हणत आत नेलं. टेबलावर हॉटप्लेट होती, तिच्यावर बीकर. पाण्यावर वितळलेलं मेण तेलासारखं तरंगत होतं आणि बीकरच्या कडेला मेणाचं पांढरं कडं जमलं होतं. बाजूला स्टँडला मणी भरलेली काचेची नळी. मी वाकून बघितलं. खालचा कॉक कोरडा ठणठणीत. त्यावर धूळ होती, बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. खाली भांडंही नव्हतं. ज्या नळीतून दिवसरात्र पाणी थेंबथेंब यायला हवं, तिच्या तोंडाला धूळ! मी विचारलं, तर म्हणाला, ‘हे जुनं, चालू सेटअप वरच्या मजल्यावर आहे, तिथं व्हिजिटर अलाउड नाहीत.’ मी मान डोलावली. मान डोलावून खाली आलो आणि गेटपाशी उभं राहून अर्जंटचे २२,००० पाठवले. घरी आल्यावर धाकट्या भावाला सांगितलं, तो एवढंच म्हणाला, ‘दादा, निदान फोटो तरी काढायचास.’

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. गुळगुळीत कागद, सोनेरी लोगो, चौदा पानं. तक्ता क्रमांक ३ मध्ये पाच नमुने: ३८.२, ३८.२, ३८.२, ३८.२, ३८.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. पाचही सारखे. मला खटकलं. फोन केला. ‘सर, आकडे स्थिर आले म्हणजे परफेक्ट सॅच्युरेशन,’ म्हणाला. मी तो रिपोर्ट तसाच पुढे पाठवला. खरेदीदाराच्या सल्लागाराचं उत्तर दोन दिवसांत आलं, दोन ओळींचं: हेक्झेन पाण्यात लिटरमागे साधारण ९.५ मिलिग्रॅम विरघळतं, तुमचं मेण त्याच्या चौपट कसं विरघळतं? आणि कॉलम पद्धत १० मिलिग्रॅमच्या खालच्या पदार्थांसाठी असताना ३८.२ आल्यावर ती का वापरली?

मेलो. सहा कार्बनचं हेक्झेन ९.५, आठ कार्बनचं ऑक्टेन ०.६६, बारा कार्बनचं डोडेकेन तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम. साखळी लांबली की विद्राव्यता अशी कोसळते, हे मी स्वतः कॉलेजात पाठ केलंय. आमच्या मेणातल्या साखळ्या विसाच्या पुढच्या. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी सोनेरी लोगो बघत बसलो. त्या माणसाने गरम पाण्यात मेण ढवळलं, साध्या कागदातून गाळलं आणि गाळणीतून सुटलेले मेणाचे बारीक कण वजन करून ‘विरघळलं’ म्हणून लिहिले असावेत. तेही केलं असेल तर. पहिली ऑर्डर ६ टनांची होती, ती दुसऱ्याकडे गेली.

जीएलपीच्या ३५,००० ची गंमत तर ऐका. ‘रीच’मध्ये जीएलपीची सक्ती विषारीपणाच्या आणि पर्यावरणीय विषारीपणाच्या चाचण्यांना आहे, विद्राव्यतेसारख्या भौतिक-रासायनिक चाचणीला नाही. मला तो शिक्का लागणारच नव्हता. आणि त्याच्याकडे तो नव्हताही. भारतात जीएलपी मान्यता असलेल्या लॅबची यादी राष्ट्रीय जीएलपी प्राधिकरण स्वतः प्रसिद्ध करतं, पैसे देण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) असेल तरी ‘एनएबीएल आहे’ यावर थांबू नका, स्कोप उघडा, म्हणजे मान्यता कुठल्या चाचण्यांना आहे ते बघा. पिण्याच्या पाण्याच्या चाचणीची मान्यता असलेली लॅब मेणाच्या विद्राव्यतेवर तो लोगो लावत असेल तर उठून या. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. मी नंतर टाकला, रद्द झालेला निघाला. माझे ३३,३०० रुपये टूबीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या जीएसटी क्रेडिटच्या तक्त्यात, आलेच नाहीत.

आता पोलिसांचं. चार खेपा घातल्या. पहिल्या दिवशी ‘घटना ठाणे-बेलापूरकडची, तिकडे जा.’ झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची) म्हटलं तर ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’ तिकडे गेलो तर ‘पैसे सांगलीतून गेले ना? मग सांगली.’ तिसऱ्यांदा हवालदारसाहेबांनी रिपोर्ट चाळला. ‘रिपोर्ट मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.’ मी म्हटलं, साहेब, रिपोर्ट खोटा आहे. त्यांनी विचारलं, ‘मेण पाण्यात विरघळतं का?’ म्हटलं, नाही. ‘मग तपासायला दिलंच कशाला?’ शेजारचे दोघं हसले. याचं एका वाक्यात देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. चौथ्या खेपेला अर्जावर ४२० लिहिलं म्हणून परत पाठवलं, आता ३१८ आहे म्हणे. खोडून ३१८ लिहिलं तर ‘खाडाखोड चालत नाही.’ पोच अजून मिळालेली नाही. ग्राहक आयोगाकडे जावं, तर वकील म्हणतो सेवा व्यापारासाठी घेतलीत, कायद्यात तुम्ही ‘ग्राहक’च नाही. बँक म्हणते, तुम्हीच पिन टाकलात. म्हणजे लुटणारा एक आणि ‘आमच्याकडे नाही’ म्हणणारे चार.

शेवटी दुसरी लॅब शोधली: २,४०,००० अधिक जीएसटी ४३,२००. तिथल्या केमिस्ट मॅडमनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘लोडिंग किती धरायचं?’ मिश्रण आहे, म्हणाल्या, शुद्ध पदार्थासारखा एकच आकडा निघत नाही. लिटरला जास्त मेण घातलं की त्यातले हलके घटक पाण्यात जास्त जातात, म्हणून किती मेणाला किती, तेही लिहावं लागतं. सहा आठवडे मागितले. आकडा मोजमापाच्या मर्यादेच्या खाली आला, म्हणजे जवळपास काहीच नाही. सोबत कच्चे क्रोमॅटोग्राम, म्हणजे मोजणाऱ्या यंत्राचे मूळ आलेख, पाठवले, मी न मागता. तुम्ही मात्र मागा, आणि तेही उरलेला हप्ता द्यायच्या आधी. ‘ते आमचं गोपनीय’ असं उत्तर आलं तर हप्ता देऊ नका.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. दिवाळीला त्याचा नवा रेटकार्ड आला, फी आता १,७५,०००. तुमच्याकडे त्याचा रिपोर्ट असेल तर तक्ता ३ काढा. पाचही आकडे सारखे असतील तर मला कळवा. वकील म्हणाला, दोन अर्ज असले तर निदान पोच तरी देतील.